बोका रात्रभर ओरडतोय? आधी बघा, लघवी होतेय का

"माजावर आलाय, ओरडून ओरडून गप्प बसेल."

घरातला बोका रात्री-अपरात्री ओरडायला लागला की बहुतेक घरांत पहिलं निदान हेच होतं. दुसरं निदान शकुन-अपशकुनाचं असतं. मांजर रडतंय म्हणजे काहीतरी अशुभ आहे, हाकला त्याला. आणि आता तिसरं निदान मोबाईलवर मिळतं. ग्रुपवर व्हिडिओ टाकला की पाच मिनिटांत दहा जण सांगतात, 'सीझन आहे, काळजी नको.'

बऱ्याचदा ते खरंही असतं. पण बोक्याच्या ओरडण्यामागे एक कारण असं आहे की त्यात दोन दिवस वाट बघितली तर तिसऱ्या दिवशी बोका हाती लागत नाही. ते कारण म्हणजे लघवी तुंबणं.

धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यातलं सोनारी घ्या. काळभैरवनाथाचं देवस्थान आणि गावात वावरणारी माकडं यांसाठी हे गाव ओळखलं जातं. अशा गावांत जनावरांच्या डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशी आणि शेळ्या तपासण्यात जातो. मांजर घेऊन दवाखान्यात जाणं अजून अंगवळणी पडलेलं नाही. त्यामुळे कधी थांबायचं आणि कधी पळायचं, हे घरातल्या माणसालाच ओळखावं लागतं. ते कसं ओळखायचं, हेच या लेखात समजून घेऊ.

एक मिनिटाची तपासणी

बोका ओरडत असेल तर आवाजावर चर्चा करण्याआधी तो लघवीला कुठे बसतो ते बघा. वाळूचा ट्रे असेल तर जुनी वाळू काढून नवी टाका. बाहेर जाणारा बोका असेल तर त्याला एका खोलीत घ्या. परातीत किंवा घमेल्यात माती टाकून ठेवा आणि लक्ष ठेवा.

पुढच्यातली एकही गोष्ट दिसली तर सकाळची वाट बघू नका:

- परत परत मातीत जाऊन बसतो, जोर करतो, पण लघवी येत नाही किंवा एखाद-दुसरा थेंबच येतो.
- जोर करताना ओरडतो किंवा कण्हतो.
- लघवीची जागा सारखी चाटतो.
- आलेल्या थेंबात रक्त दिसतं.
- पोटाच्या मागच्या भागाला हात लावू देत नाही.
- खाणं सोडलंय, उलट्या होतायत, कोपऱ्यात लपून बसतोय.

निरोगी मोठं मांजर दिवसातून साधारण दोन ते चार वेळा लघवी करतं. दिवसभरात एकदाही माती ओली झाली नसेल आणि बोका जोर करत असेल, तर ती इमर्जन्सी समजायची.

इथे घरोघरी एक गडबड होते. बोका जोर करताना दिसला की 'त्याला शौचाला होत नाहीये' असं वाटतं आणि एरंडेल पाजलं जातं. लघवी तुंबलेला बोका आणि बद्धकोष्ठ झालेला बोका बसताना जवळजवळ सारखेच दिसतात. बोका असेल आणि जोर करत असेल, तर आधी लघवीचीच शंका घ्या.

हे बोक्यालाच का होतं?

शेळ्या पाळणाऱ्यांना हे पटकन कळेल. उस्मानाबादी शेळी याच जिल्ह्याच्या नावाने देशभर ओळखली जाते. मुतखड्याने बोकडाची लघवी तुंबते, बैलाचीही तुंबते, हे इथल्या पशुपालकांना माहीत असतं. शेळीला किंवा गाईला हा त्रास क्वचित होतो, कारण मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो. नराचा लांब आणि अरुंद असतो.

बोक्याचंही तसंच आहे. त्याचा मूत्रमार्ग टोकाकडे जाताना आणखी निमुळता होतो. वाळूच्या कणाएवढे खडे, चिकट स्राव किंवा नुसती सूज एवढ्यानेही वाट बंद होऊ शकते. मांजरीलाही मूत्राशयाचा दाह होतो, रक्ताची लघवी होते, पण तिचा मार्ग सहसा पूर्ण बंद होत नाही.

बोकड तुंबला तर आपण लगेच डॉक्टरांना फोन लावतो, कारण त्यात पैसे गुंतलेले असतात. बोक्याचं दुखणं त्याच जातीचं आहे, आणि त्याच्याकडे वेळ तर आणखी कमी असतो.

आत नेमकं काय होतं?

लघवी बाहेर पडली नाही तरी किडनी ती बनवत राहते. मूत्राशय फुगत जातो आणि हाताला लिंबासारखा, पुढे मोसंबीसारखा घट्ट लागतो. मग दाब उलटा किडनीवर येतो आणि तिचं काम मंदावतं. लघवीवाटे जायला हवी ती घाण रक्तातच साचते.

सगळ्यात धोकादायक असतं पोटॅशियम. रक्तात ते वाढलं की हृदयाचे ठोके मंद आणि अनियमित होतात. पूर्ण तुंबलेला बोका २४ ते ४८ तासांत दगावू शकतो.

आणखी एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा. सुरुवातीला जोरजोरात ओरडणारा बोका पुढे गप्प होतो. घरच्यांना वाटतं, बरं वाटलं असेल. लघवी झाल्याची खूण नसेल आणि तो शांत, थंडगार, मलूल पडला असेल, तर आजार वाढलेला आहे.

मग माजाचं ओरडणं कोणतं?

दिवस मोठे व्हायला लागले की मांजरांचा विणीचा काळ जोर धरतो. माजावर आलेली मांजरी लांबवर ऐकू जाईल असा आवाज काढते, लोळते, शेपटी बाजूला घेते. तिचा माज साधारण आठवडाभर टिकतो आणि गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांनी परत येऊ शकतो. तिच्या आवाजाला आणि वासाला परिसरातले बोके प्रतिसाद देतात. मोठ्याने, लांब स्वरात ओरडतात, पत्र्यावर एकमेकांशी भांडतात, घराबाहेर पडायला धडपडतात.

असा बोका ओरडतो, पण चालतो-फिरतो. त्याचं लक्ष दाराकडे, खिडकीकडे असतं. खाणं थोडं कमी होतं, पण तो मलूल नसतो. आणि मुख्य म्हणजे त्याला लघवी होत असते, उलट जागोजागी होत असते.

याला फवारा मारणं म्हणतात. बोका उभा राहतो, शेपटी ताठ करून थरथरवतो आणि मागच्या बाजूने भिंतीवर, दाराच्या चौकटीवर, गाडीच्या चाकावर थोडी लघवी उडवतो. वास उग्र असतो. नसबंदी न झालेल्या बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचं द्रव्य जास्त असतं आणि तो वास त्यातूनच तयार होतो. इतर मांजरांसाठी ती पाटी असते, 'हा इलाका माझा आहे.'

फरक थोडक्यात असा. उभं राहून भिंतीवर फवारा मारत असेल तर तो वागणुकीचा भाग आहे. जमिनीवर बसून जोर करतोय आणि थेंब येत नाही, तर तो आजार आहे. बसून, पण अंथरुणावर, फरशीवर, मोरीत अशी थोडी थोडी लघवी करत असेल तर तोही बहुतेकदा त्रासच असतो, खोडी नव्हे. त्याला मारू नका, ओरडू नका. घाबरल्याने दुखणं वाढतं.

ओरडण्याची इतर कारणं

दहा वर्षांपुढचं मांजर अचानक रात्री ओरडायला लागलं तर वेगळा विचार करावा लागतो. थायरॉइडचं काम वाढणं, रक्तदाब वाढणं, ऐकू कमी येणं, म्हातारपणात येणारा गोंधळ, सांधेदुखी अशी कारणं असू शकतात. थायरॉइडच्या त्रासात मांजर भरपूर खातं आणि तरी बारीक होत जातं.

लघवी खूप जास्त होत असेल आणि पाणीही खूप पीत असेल, तर डॉक्टर किडनीचा जुना आजार किंवा मधुमेह तपासतात. हे त्रास तासांत जीव घेणारे नाहीत, पण रक्त तपासून घ्यावं लागतं.

लघवी अडते कशामुळे?

मांजरांच्या या सगळ्या त्रासांना डॉक्टर एकत्रितपणे एफएलयूटीडी म्हणतात, म्हणजे मूत्राशय आणि मूत्रमार्गाचे आजार. त्यात मुख्यतः चार गोष्टी येतात.

१. कारण न सापडणारा दाह: तरुण आणि मध्यमवयीन मांजरांत हाच सर्वांत जास्त आढळतो. मूत्राशयाला सूज येते, पण जंतू सापडत नाहीत, खडाही सापडत नाही. यात ताणाचा मोठा वाटा असतो.

२. बूच बसणं: चिकट स्राव, पेशी आणि बारीक स्फटिक एकत्र होऊन मूत्रमार्गात बूच बसतं.

३. मुतखडा: मांजरात दोन प्रकार जास्त दिसतात, स्ट्रुवाइट आणि कॅल्शियम ऑक्झलेट. स्ट्रुवाइट खास आहाराने विरघळू शकतो. ऑक्झलेट विरघळत नाही, तो काढावा लागतो.

४. जंतुसंसर्ग: माणसात लघवीची जळजळ म्हटलं की संसर्ग आठवतो. तरुण बोक्यांत मात्र तो कमी असतो, म्हाताऱ्या मांजरांत वाढतो. म्हणून तुंबलेल्या बोक्याला नुसतं अँटिबायोटिकचं इंजेक्शन देऊन घरी आणणं हा उपाय होत नाही. आधी वाट मोकळी व्हावी लागते.

ताणाचं ऐकून अनेकांना हसू येतं. मांजराला कसला ताण? पण मांजर जागेला आणि सवयीला घट्ट धरून राहणारा प्राणी आहे. घरात नवं मांजर किंवा कुत्रा आला, बांधकाम निघालं, लग्नकार्य आलं, जत्रेसाठी पाहुण्यांनी घर भरलं, तर त्याचं रोजचं गणित बिघडतं. सोनारीसारख्या गावात पत्र्यावर, अंगणात माकडांची टोळी उतरली तर मांजराला लपायला जागा हवीच. बोका ओरडायला लागण्याआधीच्या आठवड्यात घरात काय बदललं, हे आठवून डॉक्टरांना सांगा.

दुसरा मोठा भाग पाण्याचा. पाळीव मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातली रानमांजरं होती. त्यांना बरंचसं पाणी शिकारीतूनच मिळायचं. त्यामुळे मांजराला तहान कमी लागते आणि लघवी घट्ट होते. कोरड्या कॅटफूडमध्ये पाणी साधारण १० टक्केच असतं, तर ओल्या खाण्यात ७५ टक्क्यांच्या पुढे. धाराशिवसारख्या पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात नुसत्या कोरड्या खाण्यावर राहणाऱ्या जाड, सुस्त बोक्याला धोका जास्त.

घरी हे करू नका

- पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराचं यकृत हे औषध पचवू शकत नाही. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही नकोत.
- हुलग्याचं कढण, गोखरूचा काढा, 'लघवी मोकळी करणारी' औषधं देऊ नका. माणसाच्या मुतखड्यावर घरात जे चालतं, ते इथे उलटं पडतं. बाहेरची वाट बंद असताना लघवी वाढवली तर फुगलेला मूत्राशय आणखी फुगतो.
- तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. ते फुफ्फुसात जाऊ शकतं.
- पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका. ताणलेला मूत्राशय आत फुटू शकतो.

दुखणारा बोका चावतो, ओरबाडतो. जाड टॉवेलमध्ये गुंडाळूनच उचला. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा.

डॉक्टरांना फोनवर काय सांगायचं?

आधी फोन, मग प्रवास. गावाकडे हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण बोक्याच्या मूत्रमार्गात घालायची नळी, म्हणजे कॅथेटर, खूप बारीक असते. जिथे मुख्यतः गुरं तपासली जातात, तिथे ती असेलच असं नाही. नुसतं 'मांजर आजारी आहे' म्हणू नका. असं सांगा:

"डॉक्टर, बोका आहे, चार वर्षांचा. काल संध्याकाळपासून लघवीला बसून जोर करतोय, थेंब येत नाही. आज दोनदा उलटी झाली. तुमच्याकडे बोक्याचं कॅथेटर आहे का? नसेल तर कुठे नेऊ?"

शेवटचा प्रश्न विसरू नका. कॅथेटर नसेल तरी डॉक्टरांच्या हातात एक तात्पुरता उपाय असतो. योग्य वाटलं तर ते पोटातून बारीक सुई घालून मूत्राशयातली लघवी काढून घेतात. त्याने दाब उतरतो आणि मोठ्या दवाखान्यापर्यंत पोहोचायला वेळ मिळतो.

सोनारीच्या माणसाने परंड्याला आधी फोन करावा. तिथे सोय नसेल तर बार्शी, धाराशिव किंवा सोलापूर या बाजूला कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारे डॉक्टर शोधावेत. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकांसाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. ही पथकं मुख्यतः पशुपालकांच्या जनावरांसाठी आहेत, तरी जवळच्या डॉक्टरांची चौकशी करायला हा नंबर जवळ ठेवा. मराठवाड्यात उदगीर आणि परभणी इथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि तिथे जनावरांवर उपचारही होतात.

नेताना बोका दुचाकीवर मोकळा धरून बसू नका. पिंजरा नसेल तर भाजीचा एक क्रेट घ्या, आत जुनी चादर टाका, वर दुसरा क्रेट उपडा ठेवून दोरीने घट्ट बांधा. हवा लागते आणि बोका निसटत नाही.

दवाखान्यात काय करतात?

बोक्याला आधी सलाईन लावून स्थिर करतात, पोटॅशियम आणि हृदयाचे ठोके बघतात. मग भूल देऊन कॅथेटर घालतात, अडथळा मोकळा करतात आणि मूत्राशय धुतात. नळी बऱ्याचदा एक ते तीन दिवस ठेवावी लागते. एक्स-रे किंवा सोनोग्राफीत खडा आहे का ते कळतं.

'लघवी झाली, आता बरा झाला' म्हणून लगेच घरी न्यायची घाई करू नका. नळी काढल्यानंतरच्या काही दिवसांत पुन्हा तुंबण्याची भीती जास्त असते. वारंवार तुंबणाऱ्या बोक्यावर मार्ग रुंद करण्याची शस्त्रक्रियाही करता येते.

परत होऊ नये म्हणून

पाणी: घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा, रोज बदला. मातीचं परळ किंवा पसरट भांडं घ्या. पाणी खाण्याच्या ताटलीपासून आणि ट्रेपासून लांब असू द्या.

खाणं: कोरडं खाणं पाण्यात भिजवून द्या. उकडलेलं चिकन त्याच्या पाण्यासकट द्या, पण मीठ, मसाला नको. कांदा-लसूण मांजराला विषारी असतो, म्हणून कालवणातला रस्सा देऊ नका. दूध-भाकरीवर मांजर जगतं असं आपल्याला वाटतं, पण त्याला मांसातून मिळणारं टॉरिन लागतंच. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. खडा निघाला असेल तर आहार डॉक्टर सांगतील तोच.

जागा: जितकी मांजरं तितके ट्रे, आणि वर एक. रोज साफ करा. ट्रे गोंगाटापासून लांब ठेवा.

स्वस्थता: खाण्याची वेळ ठरलेली असू द्या. चढून बसायला फळी, लपायला खोका ठेवा. रोज दहा मिनिटं खेळा, वजनही आटोक्यात राहील.

नसबंदीने फरक पडतो का?

ओरडणं, भटकणं, भांडणं आणि फवारा यांवर नसबंदी हाच सर्वांत चांगला उपाय आहे. साधारण पाच-सहा महिन्यांच्या वयात ती करता येते. बहुतेक बोक्यांचा फवारा त्यानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत थांबतो. दहापैकी एखादा मात्र नसबंदीनंतरही मारतो.

नसबंदीने लघवी तुंबते, असा एक समज आहे. पण नसबंदी न झालेला बोकाही तुंबतो आणि झालेलाही तुंबू शकतो. नसबंदीनंतर भूक वाढते, हालचाल कमी होते, म्हणून वजनाकडे लक्ष द्यायचं. आणि याचाच दुसरा अर्थ असा की नसबंदी झालेला बोका अचानक ओरडायला लागला, तर 'सीझन आहे' हे उत्तर पुरत नाही.

फॉरवर्ड करायचं असेल तर एवढंच करा

बोका ओरडतोय: लघवी झाली का ते बघा. झाली, खातोय, फिरतोय: माज असू शकतो, नसबंदीचं डॉक्टरांशी बोला. थोडी थोडी होतेय किंवा रक्त आहे: आजच दाखवा. जोर करतोय आणि थेंब नाही: रात्र असली तरी आत्ता फोन करा.

ग्रुपवर पुढच्या वेळी कुणी ओरडणाऱ्या बोक्याचा व्हिडिओ टाकला, तर उत्तर देण्याआधी एक प्रश्न विचारा, 'याने शेवटची लघवी कधी केली?' तेवढ्याने एखाद्या बोक्याचा जीव वाचू शकतो.